सतरा मिनिटं

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या कानात माझी ताई खोकली. मी तेव्हा चहात बुडालेलं बिस्कीट चमच्याने बाहेर काढत होतो, पडद्याकडे लक्ष नव्हतं. कामाच्या पहिल्या तासात मी चित्र बघतच नाही. माणसं आजारी असली, गरीब असली, त्यांच्यावर अन्याय झालेला असला की दिग्दर्शक लोक त्यांना खिडकीशी बसवतात आणि अर्ध्या चेहऱ्यावर उजेड घेतात, हे मला पाठ झालंय. ते पुन्हा बघून काय करायचं? हेडफोन लावायचा, पंखा कुठे घरघरतो, कुणाच्या खिशातल्या किल्ल्या खुळखुळतात एवढं टिपून ठेवायचं. तर खोकला आला. आधी दोन, लागोपाठ, दारावर टकटक केल्यासारखे. मग काहीच नाही. आणि आता संपलं असं समजून आपण पुढे जावं तोवर तिसरा, खोल, बराच वेळ चाललेला. हा खोकला अण्णांचा, आमच्या वडिलांचा होता. अण्णा जाऊन तीस वर्षं झाली. मी मान वर केली तर पडद्यावर खिडकीशी ताई बसली होती, अर्ध्या चेहऱ्यावर उजेड घेऊन.

सहा वर्षांत मी तिला भेटलेलो नाही. दर रविवारी फोन होतो. फोनवर ती मधूनच गप्प व्हायची, आणि मला वाटायचं, शेगडीवर काहीतरी ठेवलंय, ते बघायला गेली. मीही तेवढ्यात वर्तमानपत्राचं पान उलटून घ्यायचो. मी आवाजाचा माणूस. बत्तीस वर्षं लोकांचे आवाज साफ करून पोट भरतोय, माणूस कुठल्या दातावर जीभ टेकवतो ते मला ऐकू येतं असा या धंद्यात माझा लौकिक आहे, आणि बहीण फोनवर तोंड दाबून खोकते हे मला कळलं नाही. लौकिकाला जाळायचंय काय?

या फिल्मच्या दिग्दर्शकाला मी मनात कळवळा म्हणतो. चाळिशीचा आहे, सुती कपडे घालतो, स्टुडिओत शिरताना देवळात शिरल्यासारखे बूट काढतो आणि गरिबांविषयी बोलायला लागला की आवाज खाली आणतो. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत आहे. वाईट असता तर एव्हाना त्याच्या हातून एखादं बरं काम झालं असतं. याआधी त्याने एका नदीवर फिल्म केली, त्या नदीत कारखान्याचं पाणी सोडत होते. मग अंगावर चट्टे उठलेल्या एका वस्तीवर केली. दोन्हींचे आवाज मीच बांधले. दोन्ही देशोदेशीच्या महोत्सवांत फिरल्या. तिथे दिवे लागल्यावर लोक डोळे पुसतात आणि कुणीतरी बाई उठून विचारते, तुम्ही या माणसांच्या इतक्या जवळ कसे पोहोचलात? कळवळा मान खाली घालून सांगतो, मी फक्त ऐकलं. ऐकलेलं मी असतं. तो तेव्हा बाहेर सिगरेट ओढत असतो. प्रेक्षकांबद्दल तर बोलायलाच नको. दुसऱ्याच्या फुप्फुसावर दीड तास रडून झालं की त्यांना भूक लागते. आणि परीक्षक म्हणजे हे प्रेक्षकच, फक्त त्यांना खोली फुकट मिळते.

नवी फिल्म खाणीवर आहे. पांढऱ्या दगडाची खाण, तंतूतंतूंचा दगड, दळून त्याचे पत्रे करायचे, पाइप करायचे. समुद्रापलीकडून साहेब आले, त्यांनी डोंगर खोदायला घेतला. त्यांचे बंगले वाऱ्याच्या अलीकडे, आमच्या चाळी वाऱ्याच्या पलीकडे, हे कुणी ठरवून केलं असं नकाशात कुठे लिहिलेलं नाही. मग साहेब गेले, आपले आले. आपल्यांनी बंगले घेतले, नियमावली घेतली, दवाखान्यातला डॉक्टरही तोच ठेवला, फक्त गेटवरच्या पाटीला रंग दिला. डॉक्टर छातीला नळी लावायचा आणि कार्डावर लिहायचा, बिडी सोडणे. अण्णांनी आयुष्यात बिडी ओढली नाही. ते कार्ड दाखवून ते म्हणायचे, निदान सोडायला तरी एक ओढायला हवी. हे सगळं कळवळ्याला मी सांगितलेलं नाही. मी त्या गावचा आहे हे या शहरात कुणालाच माहीत नाही. तो महिनाभर त्या गावात राहून आला आणि मला सांगत होता, दादा, तुम्ही कल्पना करू शकणार नाही तिथे काय आहे. मी म्हणालो, खरंय.

तो आला दुपारी. त्याने बूट काढले, मांडी घालून खुर्चीत बसला आणि ताईचा भाग लावायला सांगितला.

"ही बाई म्हणजे फिल्मचा आत्मा आहे, दादा," तो म्हणाला. "लहानपणी रोज संध्याकाळी दारात उभी राहून बापाचे कामाचे कपडे झटकायची. खाणीत कधी पाऊल नाही टाकलं आणि तोच आजार. नीट ऐका आता."

ताई बोलत होती. "वडिलांना जिना चढवत नव्हता. म्हणून त्यांचं बोलणं टेपवर घेऊन दिलं होतं." मग दोन खोकले. मग काहीच नाही. मग तिसरा. तिने पाण्याचा पेला उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज. "टेप ऐकून चौकशीवाले म्हणाले, हा माणूस ठणठणीत आहे." श्वास. पुन्हा श्वास, आत जाताना बारीक शिट्टी. "मशीनमध्येच काहीतरी बिघाड असणार."

"चार वाक्यं आणि पन्नास सेकंद," कळवळा म्हणाला. "लोक थांबत नाहीत एवढं. वीस सेकंदांवर आणा. मधलं सगळं काढा, वाक्यं जोडून घ्या. आणि शेवटी एक खोकला ठेवा. एकच, पण चांगला." आणि तो कसा हवा ते दाखवायला तो स्वतः खोकला. मूठ तोंडापाशी नेऊन, डोळे मिटून, मनापासून खोकला. मी बघत राहिलो. आयुष्यात मी पुष्कळ वाईट नट पाहिलेत.

तिरस्कार माझ्याजवळ पहिल्यापासून मुबलक आहे. लोक म्हणतात, हा नाकाने कांदे सोलतो. सोलतो. पण त्या क्षणी तो कळवळ्यासाठी म्हणून जो उसळून वर आला तो अर्ध्या वाटेतच वळला आणि माझ्याच अंगावर आला, कारण मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता. ते मशीन उत्तम होतं. रेडिओ केंद्रातून मी ते दोन दिवसांसाठी मागून नेलं होतं.

तेव्हा मला केंद्रात लागून वर्ष झालं होतं. तिथल्या बड्या बाबूंनी मला हाताखाली घेतलं होतं. बडे बाबू पातळ ब्लेडने टेप अशी कापायचे की सांधा शोधून सापडू नये. ते म्हणायचे, ऐकणाऱ्याला शब्द हवेत, फुप्फुसं नकोत. वक्त्याचा श्वास काढायचा, अडखळणं काढायचं, घसा खाकरणं काढायचं. मग बघ, कुठलाही भुक्कड माणूस विद्वान वाटतो. एका सेकंदाची टेप वीतभर भरायची. मी विती विती श्वास कापायला शिकलो आणि त्याचा मला इतका गर्व झाला की बसमध्ये कुणी जवळ बसून बोलायला लागलं तरी मी मनातल्या मनात त्याला छाटत असायचो. ज्या खोलीत आम्ही बसायचो तिच्या भिंतींना आवाज मऊ यावा म्हणून पांढऱ्या जाड फळ्या लावल्या होत्या. त्या कुठल्या दगडाच्या होत्या ते मला वास घेऊन कळलं असतं, पण मी वास घेतला नाही.

आणि खाणीची चौकशी लागली. आजारी कामगारांची यादी करायची, यादीत नाव आलं की घरी ऑक्सिजनचं नळकांडं मिळणार, शहरातल्या मोठ्या इस्पितळात खाट मिळणार. सुनावणी ठेवली होती कंपनीच्या जुन्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर. ज्यांना श्वास पुरत नाही त्यांना दोन जिने चढायला लावून विचारणार, बाबा, तुला श्वास पुरतो का? असली अक्कल विकत मिळत नाही, त्यासाठी सरकारातच जन्म घ्यावा लागतो. कुणीतरी बोंब मारली तेव्हा ठरलं की ज्यांना चढवत नाही त्यांनी आपलं म्हणणं टेपवर द्यावं. डॉक्टरचे कागद कंपनीच्याच डॉक्टरचे, त्यामुळे त्यांच्यावर बिडी. अण्णांजवळ खरा पुरावा म्हणून होती ती एवढी टेप.

मी मशीन घेऊन घरी गेलो. अण्णांना उशीला टेकवून बसवलं. ताई त्यांच्याजवळ पेला घेऊन बसली, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. चाळीस मिनिटं ते बोलले. कुठल्या साली लागले, कुठल्या गिरणीवर, धूळ केवढी, दिव्याखाली समोरचा माणूस कसा दिसायचा नाही. मधे मधे त्यांना लाज वाटायची. खोकला आला की ते माइकपासून तोंड फिरवायचे आणि मला म्हणायचे, हे नको घेऊस. मी म्हणालो, काळजी करू नका अण्णा, मी साफ करून देईन. आणि केंद्रात परत येऊन मी दोन दिवस, दुपारी जेवायलाही न उठता, आयुष्यातलं सर्वांत सुंदर काम केलं. एकही सांधा ऐकू येत नव्हता. चाळीस मिनिटांची तेवीस झाली. सतरा मिनिटं मी कापून टाकली. बड्या बाबूंनी ऐकली आणि पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी नेऊन अण्णांना ऐकवली. ते ताठ बसले. ऐकता ऐकता त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. म्हणाले, काय बोललोय रे मी, एखाद्या साहेबासारखा.

सुनावणीचा निकाल एका ओळीचा होता. अर्जदाराचा आवाज स्पष्ट असून श्वास नियमित आढळतो. बस. नळकांडं नाही, खाट नाही. त्यानंतर अण्णा चौदा महिने जगले, बसून झोपायचे. मी पहिल्या बसने शहरात परतलो आणि मग खाडे करत, कारणं सांगत, कामाचा डोंगर आहे म्हणत, गावाकडे जाणं कमी केलं. अण्णांचं सगळं ताईने केलं. निकाल ऐकून ती मला म्हणाली होती, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी बिघाड असणार. मी म्हणालो होतो, असेल. हा एक शब्द मी एकतीस वर्षं मागे घेतला नाही आणि तिने तो अनोळखी माणसाच्या कॅमेऱ्यासमोरही तसाच जपून ठेवला.

"दादा?" कळवळा म्हणाला. "वीस सेकंद?"

"पन्नासच राहतील," मी म्हणालो.

"अहो, फिल्म आहे ही, दवाखाना नाही."

"ती माझी ताई आहे. टेप मी केली होती. मशीन ठीक होतं. श्वास मी काढले, म्हणून त्यांना वाटलं माणूस ठणठणीत आहे."

तो मांडी सोडून खाली पाय टेकून बसला. त्याचे डोळे भरून आले, आणि खरे भरून आले, ते मला कबूल केलं पाहिजे. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी याला गप्प बसता आलं. मग त्याने विचारलं, "हे कॅमेऱ्यासमोर बोलाल?"

इथे कुठल्याही स्वाभिमानी माणसाने त्याला दार दाखवलं असतं. मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला लगेच कळलं होतं, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. फिल्म पुरी झाली की तो गावात नेऊन दाखवणार होता. ताई पुढच्या रांगेत बसेल, मी पडद्यावर सांगेन, आणि मी स्वतः दीडशे कोस लांब असेन. कबुलीही व्हायची आणि तोंडही दाखवावं लागायचं नाही. ज्याला उभ्या आयुष्यात नावं ठेवली त्याच्याच पदराआड लपायचं, इतका मी पोचलेला आहे.

मंगळवारी त्याने मला खिडकीशी बसवलं. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड आला. मी सांगितलं. तो म्हणाला, छान, फक्त एकदा पुन्हा घेऊ या, "मी काढले" म्हणताना जरा बाहेर बघा. मी पुन्हा सांगितलं आणि बाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर एक माणूस पाण्याच्या टाकीत डोकं घालून काहीतरी शोधत होता. दुसरी खेप पहिल्यापेक्षा चांगली झाली, हे मला बोलतानाच कळत होतं. कुठे थांबायचं, कुठला शब्द सोडून द्यायचा, सगळं जमलं. कॅमेरावालीने डोळे पुसले. मला आत कुठेतरी बरं वाटलं, काम फत्ते झाल्याचं.

बुधवारी सकाळी ती फाइल माझ्याच टेबलावर आली. दुसरं कोण साफ करणार? सोबत कळवळ्याची चिठ्ठी, दादा, अप्रतिम, जमल्यास थोडं घट्ट करा. मी हेडफोन चढवला. हात सवयीने पहिला श्वास शोधायला गेला. सापडला नाही. पुढे गेलो. दुसऱ्या वाक्याआधी नाही, तिसऱ्याआधी नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात श्वासाची लहान टेकाडं असतात, दोन शब्दांच्या मधे. कुठल्याही माणसाच्या बोलण्यात असतात. माझ्या बोलण्यात नव्हती. शब्द, मग कोरी सपाट रेघ, मग शब्द. इतकी वर्षं दुसऱ्यांचे श्वास छाटून मी स्वतः बोलतानाच ते गिळायला शिकलो होतो. बापाला कसं मारलं ते मी सांगत होतो आणि माझा आवाज स्पष्ट होता, श्वास नियमित होता. मी ते तीनदा ऐकलं. सुनावणीच्या खुर्चीत मी बसलो असतो तर मीही म्हणालो असतो, हा माणूस ठणठणीत आहे, याला काहीही झालेलं नाही.

फाइल मी पुसून टाकली. मूळ प्रत कळवळ्याजवळ असेल, तर असो. चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं की ही वापरलीस तर तुझी फिल्म तुझ्याच हाताने साफ कर, आणि ताईचे पन्नास सेकंद आहेत तसे राहतील, नाहीतर दुसरा माणूस बघ. मग फोन लावला. बुधवार होता, रविवार नव्हता, त्यामुळे घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"कोण? बाळ्या?" ताई म्हणाली. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं आता हे एकच घर उरलंय. "काय झालं? आज कसा?"

"तुझ्याशी बोलायचंय."

"थांब. बसते."

ती बसेपर्यंत मी ऐकत राहिलो. खुर्ची ओढली. दोन खोकले, तोंडावर हात धरलेला. मग काहीच नाही. आजवर मी इथेच घाई करून पुढे बोलत आलो असणार. मी थांबलो. तिसरा आला, पुरा झाला, शिट्टी वाजली, बंद झाली.

"बोल," ती म्हणाली.

मी सांगितलं. वाईट सांगितलं. उलटसुलट सांगितलं, मधेच बड्या बाबूंचं सांगायला लागलो, घसा खाकरला, वाक्य तुटलं, नाक पुसावं लागलं. कापण्यासारखं पुष्कळ होतं. ती मधे एकदाही हं म्हणाली नाही.

"त्या नळकांड्यासाठी मी सात महिने खेटे घातले," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी तो कारकून निकालाचा कागद माझ्यापुढे करायचा. श्वास नियमित. मी म्हणायची, अहो, घरी येऊन ऐका तरी."

"हो."

"एकतीस वर्षं मी त्या मशीनला शिव्या घातल्या, बाळ्या."

"हो."

"हो काय हो?"

तिचा श्वास ऐकू येत होता, आत जाताना बारीक, बाहेर येताना जाड. फोन ठेवून देईल असं वाटलं. ठेवला असता तर तिचं काही चुकलं नसतं.

"कापलेलं फेकून दिलंस?" तिने विचारलं.

"नाही. बुटाच्या खोक्यात आहे. सगळी सतरा मिनिटं." केंद्र सोडताना नेलं, तीन घरं बदलली तेव्हा नेलं, कधी उघडलं नाही. "पण ताई, नुसते तुकडे आहेत. त्यांच्यावर नंबर घातले नव्हते मी. कुठला कुठून काढला ते आता कळायचं नाही. तेवीस मिनिटांची टेप आहे, पण हे तिच्यात परत बसणार नाहीत."

"घेऊन ये."

"अगं, शेकड्यांनी आहेत. वीत वीत, बोट बोट. नुसता खोकला आणि श्वास. मलाही ओळखू येणार नाहीत."

"तुला कसे येतील?" ती म्हणाली. मग थांबली, आणि मी थांबलो. "त्यांच्या पाठीवर हात माझा होता. तू एकेक लाव. कुठला कुठे बसतो ते मी सांगते."